वकिलीची पदवी आणि सरकारी धोरणाचे काम

प्रश्न : मी सिंदेवाही तालुक्यातील (जि. चंद्रपूर) एका खेड्यात राहते. बी.ए. झाल्यावर तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला असून हे शेवटचे वर्ष आहे. घरी धानाची शेती आहे. वडिलांचे म्हणणे, काळा कोट घालून तालुक्याच्या कोर्टात बसावे. मामांचे म्हणणे, न्यायाधीशाच्या परीक्षेला लागावे. मला मात्र जिथे कायदे आणि धोरणे तयार होतात तिथे काम करायचे आहे. इंग्रजी वाचता येते, बोलताना अडखळते, आणि मुंबई-दिल्लीत ओळखीचे कोणी नाही. इथून तिथवर पोहोचता येईल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : पोहोचता येईल, पण कोणती वाट आधी धरायची याचा हिशेब निकाल लागण्यापूर्वीच करावा लागेल, कारण या वाटांच्या अटी एकमेकींच्या आड येतात. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री फेलोशिपसाठी 21 ते 26 वर्षे वय, पदवीला किमान 60 टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप खासदारांबरोबर पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पीय अधिवेशनापर्यंत काम करण्याची संधी देते, पण तीही पंचविशीपर्यंतच्या तरुणांसाठीच आहे. उलट कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी किमान तीन वर्षे वकिली केलेली असावी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालाने पुन्हा लागू केली आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद (वकिलीचा परवाना) स्थगित ठेवावी लागते, त्यामुळे नोकरीतला काळ त्या तीन वर्षांत धरून चालता येत नाही.

माझ्या मते पदवीनंतर लगेच सनद घ्यावी (सर्वसाधारण प्रवर्गासाठी 750 रुपये ही कायद्यातली फी असून त्याहून अधिक नोंदणी फी घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले आहे), पहिले वर्ष तालुक्याच्या कोर्टात ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काढावे आणि मग फेलोशिपचे अर्ज भरावेत. वडिलांचेही मन राखले जाईल. मामांनी सांगितलेली परीक्षा त्यानंतरही देता येईल, फेलोशिपचे वय मात्र एकदा गेले की गेले.

तालुक्याच्या कोर्टातले हे वर्ष कसे वापरावे, याचे एक उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातले देतो. पूर्व विदर्भात सहा जिल्ह्यांत सुमारे 86 हजार हेक्टर जमीन जुन्या महसुली नोंदींत झुडपी जंगल म्हणून दाखवलेली आहे. तिच्यावर कुठे शाळा उभी आहे, कुठे स्मशानभूमी आहे, कुठे घरकुले आहेत. ही जमीन वनजमीनच समजावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला. मात्र 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनी वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने जिल्हावार प्रस्ताव केंद्राकडे पाठवावेत, असेही त्यात सांगितले आहे. आता गावच्या शाळेची जागा नेमकी कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीने मिळाली, हे दाखवणारा कागद तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढावा लागतो, सातबारा आणि निस्तार पत्रकाशी (गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराची नोंद) ताडून पाहावा लागतो, आणि सही करणाऱ्याला तो अधिकार होता का हेही तपासावे लागते. दिल्लीचा निकाल गावात उतरताना कुठे अडतो, हे असे एक प्रकरण मुळापासून पाहिलेल्या माणसाला जसे कळते, तसे वातानुकूलित चर्चासत्रांतून कळत नाही. अशा प्रकरणावर चार पानी टिपण लिहून ठेवा. मुलाखतीत बोलायला ते पुरेसे आहे.

इंग्रजी बोलण्याची धास्ती घेऊ नका, वाचण्याची सवय मात्र पक्की हवी, कारण वरच्या न्यायालयांचे निकाल मुळात इंग्रजीतच येतात. 1964 च्या राजभाषा अधिनियमामुळे राज्याचा कारभार मराठीत चालतो. शासन निर्णय, परिपत्रके, नियमांचे मसुदे मराठीत लिहावे लागतात, आणि इंग्रजी निकाल नीट समजून त्यावर स्वच्छ मराठीत टिपण लिहिणारी माणसे कार्यालयांना सहज मिळत नाहीत. राजपत्रात हरकती व सूचनांसाठी येणारे मसुदे वाचून मुदतीत लेखी सूचना पाठवत राहा. हा सराव फुकट आहे.

जिल्हा पातळीवर विधी अधिकाऱ्यांची पदे बहुधा 11 महिन्यांच्या कराराची असतात, म्हणून घरचे नाक मुरडतील. तरी वर्ष-दोन वर्षांसाठी ती वाईट नाहीत. कायम नोकरीच हवी असेल, तर राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली असून तिथे विधी हा वैकल्पिक विषय घेता येतो.

प्रश्न : मी 38 वर्षांचा असून धानोरा तालुक्यात (जि. गडचिरोली) वकिली करतो. धोरणाच्या कामात शिरायला उशीर झाला का?
– एक वकील

उत्तर : फेलोशिपसाठी झाला, कामासाठी नाही. तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) म्हणून स्पष्ट लिहिलेला असूनही ग्रामसभेला स्वतःचा वाहतूक परवाना वापरून तो विकता यायला 2011 उजाडले. व्याख्या आणि परवाना यांच्यामधल्या या अंतरातच धोरणाचे खरे काम असते, आणि ते तालुक्यात बसूनच करता येते. वनहक्काचा दावा फेटाळला तर कारणे लेखी कळवावी लागतात, हा नियम गावकऱ्यांना क्वचितच ठाऊक असतो. आसपासच्या दोन-तीन ग्रामसभांचे फेटाळलेले दावे मागवून पाहा, कारणांच्या रकान्यात काय लिहिले आहे त्याचा तक्ता करा आणि तो आदिवासी विकास विभागाला सादर करा. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे जाण्याची मुदत निर्णयाच्या तारखेपासून 60 दिवसांची आहे, तेव्हा ज्या दाव्यांची मुदत अजून शिल्लक आहे ते आधी हाती घ्या.