ब्लू नोटच्या जुन्या रेकॉर्ड लिलावात एवढ्या महाग का जातात, आणि त्या घ्याव्यात का?

तुम्ही विचारलंय की ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या मूळ रेकॉर्ड लिलावात हजारो डॉलरना जातात, तेच संगीत नव्या छापाच्या एलपीवर तीस-चाळीस डॉलरना मिळतं, मग जुन्या प्रतीवर पैसे घालावेत का. मी बरीच वर्षं या रेकॉर्ड जमवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते मोठे आकडे मोजक्याच रेकॉर्डचे असतात. त्यातही पहिल्या प्रेसिंगचे, म्हणजे कारखान्यात पहिल्यांदा छापलेल्या प्रतींचे, आणि त्यातही फारशी न वाजलेली प्रत असेल तरच. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ मध्ये कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीनं काढली आणि ती भरपूर खपली. त्यामुळे तिची मूळ प्रत शोधली की आजही सापडते. सॅक्सोफोनवादक हँक मोब्लीच्या १९५७ च्या, ब्लू नोटच्या यादीत १५६८ क्रमांक असलेल्या रेकॉर्डचं तसं नाही. आल्फ्रेड लायननं १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली ब्लू नोट ही छोटी कंपनी होती, प्रती थोड्याच निघायच्या. ज्या निघाल्या त्या लोकांनी घरी मनसोक्त वाजवल्या. तेव्हाचे टोनआर्म (सुई धरणारे दांडे) जड, सुया झिजलेल्या. त्यामुळे आज साठ-सत्तर वर्षांनी स्वच्छ प्रत मिळणं हीच दुर्मिळ गोष्ट आहे.

अशी प्रत एकदा पक्क्या संग्राहकाकडे गेली की तो ती सहसा विकत नाही. माल आटतो आणि मागणारे वाढतात. पूर्वी जपानी संग्राहक न्यूयॉर्कच्या दुकानांतून शोधून शोधून या रेकॉर्ड घेऊन जायचे. पियानोवादक सॉनी क्लार्कची १९५८ ची 'कूल स्ट्रटिन' तर जपाननंच डोक्यावर घेतली. ऑनलाइन लिलाव आल्यावर टोकियो, लंडन आणि न्यूयॉर्कचे लोक एकाच वेळी एकाच प्रतीवर बोली लावू लागले. शिवाय मागच्या लिलावात किती आले हे आता कुणालाही पाहता येतं, म्हणून विकणारा त्या आकड्याच्या खाली उतरायला तयार होत नाही. माझ्या मते किमती चढत्या राहण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं.

आता प्रत ओळखण्याबद्दल, कारण पैसे बुडतात ते इथेच. फक्त लेबलवर छापलेला कंपनीचा पत्ता बघून बोली लावू नका. चऱ्या संपतात तिथून लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिचा फोटो मागा. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची 'आरव्हीजी' ही अक्षरं तिथे कोरलेली किंवा ठशानं उमटवलेली असतात. त्याच पट्टीत कानासारखी दिसणारी एक बारीक खूण असते, ती प्लास्टिलाइट या प्रेसिंग कारखान्याची. १९६० च्या दशकाच्या मध्यात ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीनं विकत घेतली आणि प्लास्टिलाइटचं काम थांबलं, पण उरलेली जुनी लेबलं नि कव्हरं वापरली गेली. म्हणून लेबल जुनं आणि 'कान' मात्र नाही, अशा प्रती बाजारात भरपूर आहेत. ऐकायला त्या छान असतात, पण पहिल्या प्रेसिंगचा भाव त्यांना देऊ नये.

दुसरं, चकाकीवर जाऊ नका. मी एकदा 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस, म्हणजे चांगल्या अवस्थेतली) असा शेरा असलेली प्रत घेतली. दिव्याखाली धरली तर ओरखडा दिसेना. वाजवली, आणि ट्रंपेट वरच्या पट्टीत गेला की आवाज फाटायला लागला. चऱ्या आतून झिजलेल्या होत्या, आणि ते फोटोत दिसत नाही. तेव्हापासून विकणाऱ्यानं वाजवून तपासल्याचं सांगितल्याशिवाय आणि परतीची अट असल्याशिवाय मी महाग प्रत घेत नाही.

गुंतवणूक म्हणून घ्यायची असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: घेऊ नका. मधल्या दर्जाच्या प्रती त्या आकड्यांच्या जवळपासही जात नाहीत. ऐकायचं असेल तर २०१९ पासून निघणारी ब्लू नोटचीच टोन पोएट ही नव्या छापांची मालिका घ्या. ती मूळ टेपवरून केलेली आहे आणि प्रेसिंग शांत आहे. माझ्याकडे दोन रेकॉर्डच्या मूळ प्रती आणि हे नवे छापही आहेत. मूळ मोनो (एकाच ध्वनिवाहिनीच्या) प्रतीत ड्रम आणि सॅक्सोफोन अंगावर येतात तसे नव्यात येत नाहीत, हे खरं. पण तो फरक हजारो डॉलरचा आहे का, हे आधी नवी ऐकून मग ठरवा.

सुरुवात टीना ब्रूक्स या सॅक्सोफोनवादकाच्या 'ट्रू ब्लू'पासून करा. १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ही रेकॉर्ड. त्यानं ब्लू नोटसाठी स्वतःच्या नावावर चार रेकॉर्डचं काम केलं, पण जिवंतपणी बाहेर आली ती ही एकच. १९७४ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. आज तिच्या मूळ प्रतीवर लोक तुटून पडतात, आणि त्या लिलावातली एक दमडीही त्याच्यापर्यंत कधी पोचली नाही. मला याचा फार त्रास होतो. नवा छाप आणा, फ्रेडी हबर्डचा ट्रंपेट आणि ब्रूक्सचा टेनर सॅक्सोफोन एकत्र सुरू होतात तिथे आवाज थोडा वाढवा, आणि कसं वाटलं ते खाली जरूर लिहा.