कमी खर्चात पेंटबॉल मार्कर कोणता घ्यावा?

पेंटबॉल खेळासाठी पहिला मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक, स्वस्तात कोणता घ्यावा आणि त्याला कोणते साहित्य जुळेल, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते टिपमन ९८ कस्टमसारखा, बॅटरीशिवाय चालणारा ०.६८ कॅलिबरचा (म्हणजे ०.६८ इंच व्यासाच्या गोळ्यांचा) यांत्रिक मार्कर घ्यावा, कारण तो उघडून साफ करणे सोपे असते. गोळी ढकलणाऱ्या गॅसच्या टाकीचे आटे बहुतेक मार्करना सारखेच असतात. बॅरलचे, म्हणजे नळीचे, मात्र वेगवेगळे असल्याने ते आवर्जून तपासावेत. कार्बन डायऑक्साइडचा दाब थंडीत घटून पेंटबॉलचा वेग अस्थिर होतो, म्हणून शक्य असल्यास दाबाखालील हवेची टाकी निवडावी, आणि ती जुनी असल्यास तिच्या दाब-तपासणीची तारीख पाहावी. मास्कमध्ये मात्र कृपया काटकसर करू नका: साधी लेन्स धुरकटली की खेळाडू नकळत मास्क उचलतो आणि डोळा गमावण्याचा धोका ओढवतो, म्हणून दुहेरी थराची थर्मल लेन्सच घ्यावी.