बाबांना सोयीचे तेवढेच ऐकू येते का?

"बाबांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं" हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत मी अनेक घरांकडून ऐकले आहे, आणि त्यामागची काळजी बहुधा दुहेरी असते: वडीलधारे माणूस मुद्दाम दुर्लक्ष करते आहे, की त्याला विस्मरणाचा आजार जडतो आहे? अशाच एका घराची हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

सासरे 72 वर्षांचे, एस.टी.चे निवृत्त चालक. सुनेचे म्हणणे असे, की मुलाने सांगितलेले त्यांना पहिल्या हाकेत कळते आणि तिने सांगितलेले तीनदा सांगूनही कळत नाही, गोळी सातला घ्या म्हटले तर ते आठला घेतात, आणि तिने आवाज चढवला की "ओरडतेस कशाला?" म्हणून ताटावरून उठतात. सात वर्षांचा नातू तर त्यांच्याशी बोलेनासाच झाला होता. "यांचं ऐकू येतं आणि माझं येत नाही, मग दोष कानाचा कसा?" हा तिचा प्रश्न बिनतोड वाटत होता, आणि पहिला अर्धा तास मीही हा नात्यातला ताण आहे असेच धरून चालले होते.

समोर बसून विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर काका नेमके देत होते. मग मी खिडकी लावायला उठले आणि पाठमोरी असतानाच विचारले, "काका, चहा घेणार ना?" ते म्हणाले, "दहा नाही, साडेनऊलाच निघालो आम्ही." विसराळू माणसाचे हे उत्तर नव्हते; कानात जे शिरले त्याला त्यांनी अगदी सुसंगत उत्तर दिले होते. मी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आणि श्रवणतपासणीसाठी पाठवले. कानातला मळ निघाला, पडदा शाबूत असल्याचे दिसले, आणि पुढच्या भेटीत तपासणीचा आलेख घेऊन आम्ही चौघे बसलो.

आवाजाने पडदा हलतो, हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे ते कंपन पुढे नेतात आणि रिकीब ते अंतर्कर्णातील द्रवाला देते. इथवर काकांचे सारे ठीक होते. बिघाड होता तो त्यापुढच्या, गोगलगायीच्या शंखासारख्या सुमारे अडीच वेढ्यांच्या कर्णावर्तात. तेथे साधारण 15,000 केसपेशी असतात आणि प्रत्येकीची पट्टी ठरलेली असते: शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी उंच आवाज टिपतात, शेंड्याकडच्या खर्जातले. वयाने झिजतात त्या आधी तोंडाजवळच्या, आणि वर्षानुवर्षे शेजारी धडधडणाऱ्या इंजिनाने त्या झिजेत भर घातली असणे शक्य आहे. माणसाच्या कानात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. काकांच्या आलेखाची रेषा 500 हर्ट्झपर्यंत जवळजवळ सामान्य होती आणि 4,000 हर्ट्झला 65 डेसिबलपर्यंत घसरली होती; म्हणजे खर्जातले आवाज त्यांना जवळजवळ नेहमीसारखे ऐकू येत, उंच आवाज मात्र बरेच मोठे केल्याशिवाय ऐकू येत नसत.

आता आपली भाषा पाहा. अ, आ, ओ या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तर स, श, च, त, फ यांची ओळख पटवणारा बारीक आवाज वरच्या पट्टीत. म्हणून कोणी बोलते आहे हे काकांना ऐकू येई, पण काठ, पाठ आणि साठ यांतला फरक हरवे. मुलाचा आवाज मुळात जाड. सुनेचा आणि नातवाचा बारीक, शिवाय तिचे बोलणे बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून, मिक्सर किंवा नळ चालू असताना होई. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने फारशी स्पष्ट होत नाहीत. त्यातच हळू आवाज वाढवून देणाऱ्या बाहेरच्या रांगांतल्या केसपेशी गेल्या, की हळू बोललेले ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललेले एकदम टोचते. "ओरडू नकोस" हे ते मनापासून म्हणत होते.

हे ऐकून सून बराच वेळ गप्प राहिली.

विस्मरणाची भीती मी उडवून लावली नाही, कारण ऐकण्यातील उणीव हा पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा, पण उपाय करता येण्याजोगा, एक धोका मानला जातो. स्मरणशक्तीची तपासणीही झाली; मात्र ती श्रवणयंत्र लावून व्हावी असा माझा आग्रह होता, कारण जो प्रश्न ऐकूच आला नाही त्याचे चुकलेले उत्तर विसराळूपणाच्या खात्यात जमा होते. ती तपासणी त्यांच्या वयाच्या मानाने चांगली आली. (एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी गेले, तर मात्र समुपदेशकाची वाट न पाहता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे.)

काकांना दिलेले श्रवणयंत्र पहिल्याच आठवड्यात खणात गेले. भांड्यांचा आवाज असह्य होतो, म्हणाले. श्रवणयंत्र चष्म्यासारखे नसते, हे मी घरातल्या सर्वांना पुन्हा समजावले: चष्मा बहुधा निरोगी दृष्टिपटलावर प्रतिमा नीट पाडतो, यंत्राला मात्र झिजलेल्या पेशींकडूनच काम करून घ्यावे लागते आणि मेंदूला हरवलेले आवाज नव्याने ओळखीचे व्हायला काही आठवडे लागतात. रोज एक तासापासून सुरुवात ठरली, तीही शांत खोलीत नातवाबरोबर. सुनेने आधी नाव घेऊन, समोर येऊन बोलायचे, कारण प, ब, म ओठांवर दिसतात; आणि कळले नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचे.

दोन महिन्यांनी गोळी सातला घेतली जाऊ लागली. तेव्हा सून मला म्हणाली, "पण चार वर्षं मी त्यांना खोटं ठरवलं, आणि त्यांनी मला कजाग ठरवलं, त्याचं काय करू?" पुढच्या भेटीला ती आणि काका दोघेच आत आले; मुलगा बाहेर बसून राहिला.