आधी तिला विचार, मग गावाला सांग

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू ओसरीवर अर्धा तास बसलास, चहा तसाच निवला, आणि उठताना म्हणालास, "बाई, गावात कुणाला बोलू नका." त्या एका वाक्याने माझी रात्रीची झोप गेली. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत, डॉक्टरांनी हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडण्याची शस्त्रक्रिया, करून घ्यायला सांगितले आहे, किडनी कोण देणार यावरून घरात आईशी वाद चालला आहे, आणि हे सारे तू चार भिंतींच्या आत ठेवू पाहतो आहेस. चौथीत असताना गणित चुकले की तू पाटी मांडीखाली घालायचास. अजूनही तू तेच करतो आहेस, म्हणून हे पत्र.

मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे: हा आजार घरात कोंडू नकोस. गावाला सांग, आणि मदत मागताना नेमकी माग. मात्र त्याआधी तिला विचार. आजार तिच्या शरीराचा आहे. तो कुणाला सांगायचा, किती सांगायचा, हे ठरवण्याचा पहिला हक्क तिचा आहे. परवाच्या सगळ्या बोलण्यात "आई म्हणते", "सासरे म्हणतात", "डॉक्टर म्हणतात" असे बरेच आले. ती काय म्हणते हे तू एकदाही सांगितले नाहीस.

आमच्या घरी हे दुखणे २०१७ साली आले, आणि मी ते लपवले. हौसेने लपवले नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. बापाला डायलिसिस लागते हे कळले असते, तर आजार रक्तातच आहे अशी कुजबुज होऊन स्थळ मोडले असते, अशी मला भीती होती. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस आम्ही मिरजेला जायचो, यजमान चार तास मशीनवर असायचे, आणि गावात मी सांगायचे की मणक्याला शेक घ्यायला जातात. ह्यांना ते अजिबात पटत नव्हते. भजनी मंडळातल्या सोबत्यांना तरी सांगू या, असे ते कितीदा म्हणाले. २०१८ च्या मे महिन्यात लग्न झाले, मुलगी सुखात आहे, त्यामुळे तोवर लपवले ते चुकले असे मला आजही म्हणवत नाही. पण लग्नानंतरही सव्वा वर्ष मी तेच खोटे चालू ठेवले, त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. सवय लागली होती, एवढेच.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. तो पूर तू पाहिला आहेस; सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. सोमवारी रात्री आपल्या गल्लीत पाणी शिरले आणि मंगळवारची डायलिसिसची पाळी चुकली. दुपारी गावातली पोरे गुळाची काहील घेऊन दारोदार फिरत होती, आजारी कोण आहे, गरोदर कोण आहे, असे ओरडून विचारत होती, आणि मी माडीवरून हात हलवून म्हणाले, "आधी लेकुरवाळ्यांना न्या, आमचे बरे आहे." चांगुलपणा म्हण, लपवायची सवय म्हण, त्या वेळी मला त्यातला फरक कळला नाही. गुरुवारीही पाळी चुकली. संध्याकाळपर्यंत ह्यांचे पाय घागरीसारखे सुजले, आडवे झाले की धाप लागायची, म्हणून भिंतीला टेकून बसवून ठेवले होते. शेवटी त्यांनीच खिडकीतून पखवाजवाल्या सोबत्याला हाक मारली आणि सांगितले, "गड्या, माझे रक्त मशीनवर धुवावे लागते. दोन पाळ्या चुकल्यात." तो गृहस्थ पाण्यात उभा राहून रडला. "दोन वर्षं माझ्या शेजारी टाळ धरून बसलास, आणि मला मणका सांगितलास?" एवढेच म्हणाला, आणि मग तासाभरात होडी आली, पलीकडे जीप उभी राहिली, तासगावमार्गे मध्यरात्री आम्ही मिरजेत पोहोचलो. मंगळवारीच सांगितले असते, तर मंगळवारीच होडी आली असती. हे मी रोज स्वतःला सांगते, आज तुला सांगते आहे.

त्यानंतर मंडळाने पाळ्या लावून घेतल्या. मंगळवारी एकाची गाडी, शनिवारी दुसऱ्याची. गुरुवारचा प्रश्न अवघड होता, कारण ह्यांचा गुरुवार म्हणजे नदीपलीकडचे औदुंबर, आणि डायलिसिसने तोच दिवस खाल्ला होता. मंडळाने उपाय काढला: आम्ही मिरजेहून परत आलो की सगळे आमच्याच सोप्यात जमायचे आणि दत्ताची आरती व्हायची. ह्यांचा हात दुखत असे, टाळ धरवत नसे, तरी बसायचे. असे पाचच महिने मिळाले. २०२० च्या जानेवारीत ते गेले. दोन वर्षे आम्ही दोघांनी एकट्याने काढली आणि पाच महिने माणसांत काढले. आता मागे वळून पाहताना मला ते पाच महिनेच सविस्तर आठवतात.

तू मला विचारलेस की देवाने तिच्याच वाट्याला हे का दिले. त्याचे उत्तर मला येत नाही, आणि ज्यांना येते असे वाटते त्यांच्यापासून तिला लांब ठेव. श्रद्धा असू दे. तिला नवस बोलायचा असेल तर बोलू दे. पण अंगारा कपाळाला लाव, पोटात घालू नकोस. किडनी साफ करणारा काढा, भस्म, कुणाच्या तरी मेव्हण्याला गुण आलेली पुडी, यांतले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या तोंडात जाता कामा नये; उरलीसुरली किडनी अशा औषधांनी जाऊ शकते. लोक प्रेमाने शहाळी आणतील. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात ते साठले तर हृदय बंद पडू शकते. एकादशीच्या फराळातल्या केळ्याचे, रताळ्याचे आणि बटाट्याचेही तेच. ज्यांना आजार माहीतच नाही, ते शहाळेच आणणार. त्यांना दोष कसा देणार? म्हणजे पुन्हा तेच, सांगितले पाहिजे.

फिस्टुला झाल्यावर तो पक्का व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून तारीख पुढे ढकलत बसू नकोस. त्या हाताला डायलिसिसखेरीज सुई टोचू द्यायची नाही, रक्तदाब मोजू द्यायचा नाही, घागर उचलू द्यायची नाही. रोज सकाळी तिथे बोटे ठेवून थरथर लागते का ते पाहायचे, आणि लागली नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखव. जमीन विकायची भाषा इतक्यात करू नकोस.

आता किडनीचे. आपल्याकडे देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात, म्हणून तू स्वतःहून "मी देतो" म्हणालास तेव्हा तुझी बाई म्हणून माझा ऊर भरून आला. आई एकुलत्या एका लेकासाठी घाबरते, त्यात तिचे चुकत नाही. तिच्यावर ओरडू नकोस, तिला एकदा डॉक्टरांपुढे बसव. अवयव देण्याघेण्याच्या १९९४ च्या कायद्यात नवरा-बायको, आईवडील, भाऊ-बहीण हे जवळचे नातेवाईक धरले आहेत. रक्तगट जुळला नाही, तरी तशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करण्याची सोय कायद्यात आहे. तुझ्या तपासण्यांत तू नापास झालास तरी वाट संपत नाही, पण त्यासाठी तिच्या माहेरी सगळे उघड बोलावे लागेल.

माझी गोष्ट अशी की मला मधुमेह निघाला, म्हणून मी देऊ शकले नाही. दिरांना विचारायचे तर आजार सांगावा लागला असता, म्हणून विचारलेच नाही. तेराव्याला धाकटे दीर जेवायच्या पंगतीतून उठून आत आले आणि म्हणाले, "वहिनी, माझा रक्तगट तोच होता. विचारायचं तरी." त्यांनी तंबाखूत आयुष्य घालवले आहे, तपासणीत ते बहुधा बसले नसते. हे मी मनाला पुष्कळदा समजावते. पण नाही म्हणण्याचा हक्क त्यांचा होता, आणि तो मी त्यांच्या वतीने परस्पर वापरला.

म्हणून पुन्हा सांगते, आणि तू कंटाळलास तरी सांगणार: कोंडू नकोस. लोक म्हणतील, "काही लागले तर सांगा." या वाक्यावर मान हलवून घरी येऊ नकोस, तिथेच काम दे. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. शेजारच्या बागवाल्याला सांग की माझ्या द्राक्षांची फवारणी तुझ्याबरोबरच बघ. रात्रपाळीची वीज आली की मोटार कोण चालू करणार, म्हशीची धार कोण काढणार, धाकटीला शाळेतून कोण आणणार, हे नावानिशी ठरव. तुला लाज वाटेल. वाटू दे. गेल्या पुरात तू स्वतः किती घरांतला गाळ उपसलास, तेव्हा त्या घरांनी लाजून दार लावून घेतले होते का?

रविवारी दोघे या. तिच्या रिपोर्टची फाइल आण, आणि तिने होकार दिला असेल तर कुणाकुणाला काय काम सांगायचे त्या नावांचा कागदही आण. पखवाजवाल्या काकांना मी संध्याकाळी बोलावून ठेवणार आहे. तिचा नकार असेल तर शनिवारी निरोप धाड, मी त्यांना येऊ नका म्हणून सांगेन. जेवण बिनमिठाचे करते, तुलाही तेच खावे लागेल.

तुझी,
बाई