वाचकांचे प्रश्न : शाळा आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षातील यंत्रे जुनी आहेत. विंडोज ११ त्यांवर चालत नसल्यामुळे सर्व संगणक बदलावेत, असे पुरवठादाराचे म्हणणे आहे, तर एका सहकाऱ्यांनी लिनक्स या ओपन सोर्स, म्हणजे मूळ संकेत (कोड) सर्वांना खुला असलेल्या, संगणक-प्रणालीचा पर्याय सुचवला आहे. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर शाळेने विसंबावे का? काही बिघडले तर जबाबदार कोण? — एक मुख्याध्यापिका

उत्तर : संगणक भंगारात काढण्याची घाई करू नये. विंडोज १० ला मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा तसेच कंपनीने मान्य केलेल्या यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगल्या स्थितीतले अनेक संगणक केवळ या अटींपायी बाद ठरत आहेत. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका डेस्कटॉप असलेली लिनक्स प्रणाली घेतली, तर चार जीबी मेमरीच्या यंत्रावरही लेखन, तक्ते, चित्रे आणि प्राथमिक प्रोग्रामिंग ही वर्गातली कामे व्यवस्थित होतात. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी हे अधिक वेगवान साठवण-साधन बसवले, तर वेग लक्षात येण्याइतका वाढतो.

जबाबदारीचा आपला प्रश्न रास्त आहे. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतला. आज त्यावर काम करणाऱ्या हजारो प्रोग्रामरांपैकी पुष्कळजण निरनिराळ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. डेबियन ही प्रणाली १९९३ पासून स्वयंसेवकांचा समुदाय सांभाळत आला आहे, तर लेखन, तक्ते अशा कामांच्या लिब्रेऑफिस या सॉफ्टवेअरमागे द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था आहे. यांपैकी कोणीही शाळेला नुकसानभरपाईची हमी देत नाही, हे खरे आहे. मात्र विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा परवाना बारकाईने वाचला, तर तिथेही विक्रेत्याने आपली जबाबदारी फार मर्यादित ठेवलेली आढळेल. प्रत्यक्षात शाळेला लागतो तो हाकेला येणारा जाणकार, आणि तो कोणत्याही प्रणालीसाठी शोधावाच लागतो. म्हणूनच परवान्यांवर वाचलेली सारी रक्कम दुसरीकडे न वळवता तिचा काही भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आणि देखभालीसाठी बाजूला ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

फुकट मिळणे हा मला या सॉफ्टवेअरचा सर्वांत किरकोळ गुण वाटतो. मोठ्या कंपन्याही शाळांना आपले सॉफ्टवेअर अल्प दरात किंवा विनामूल्य देतातच. परंतु ती सवलत असते, आणि सवलतीच्या अटी देणाऱ्याच्या मर्जीनुसार बदलू शकतात. ओपन सोर्स परवान्याने मिळतो तो हक्क. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल या परवान्याची पहिली आवृत्ती आली. त्यानुसार सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी वापरणे, त्याची रचना अभ्यासणे, त्यात बदल करणे आणि त्याच्या प्रती इतरांना देणे हे सारे वापरणाऱ्याच्या हाती येते. आपल्याकडे आलेल्या आवृत्तीवरचे हे हक्क, परवान्याच्या अटी पाळल्या जात आहेत तोवर, कोणी काढून घेऊ शकत नाही. शाळेच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. वर्गात शिकवलेला प्रोग्राम विद्यार्थ्याच्या हाती पेनड्राइव्हवर देऊन ‘घरी सराव कर’ असे शिक्षक निःसंकोचपणे म्हणू शकतात. एरवी ज्या पालकांना परवाना परवडत नाही, त्यांच्या मुलांपुढे सराव सोडून देणे किंवा बेकायदा प्रत मिळवणे एवढेच मार्ग उरतात, आणि शाळेने मुलांना अशा पेचात टाकणे मला अत्यंत अनुचित वाटते.

हा प्रयोग नवा नाही. नॉर्वेत २००१ मध्ये शाळांसाठी स्कोलेलिनक्स प्रकल्प सुरू झाला आणि स्पेनमधील एक्स्त्रेमादुरा प्रांताने २००२ मध्ये स्वतःची लिनएक्स ही प्रणाली काढली. केरळने आपल्या सरकारी व अनुदानित शाळांमधले संगणक शिक्षण याच मार्गाने नेले. तेथील आयटी@स्कूल प्रकल्पाचे २०१७ मध्ये काइट या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. केरळकडून शिकण्याजोगी बाब ही की, तिथे पाठ्यपुस्तक, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि परीक्षा ही तिन्ही अंगे एकाच सॉफ्टवेअरभोवती बांधली गेली. केवळ यंत्रांवर नवी प्रणाली चढवून बाकी सारे जसेच्या तसे ठेवले, तर शिक्षकांची ओढाताण होते.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. नोकरीच्या ठिकाणी सर्वत्र मायक्रोसॉफ्ट ऑफिस असताना शाळेत लिब्रेऑफिस शिकवले जाते. ती मागे पडणार नाही का? — एक पालक

उत्तर : सातवीतील मुलगी नोकरीला लागेपर्यंत आजच्या कोणत्याही सॉफ्टवेअरचा चेहरा बदललेला असेल. ऑफिस २००७ मध्ये मेनूंच्या जागी रिबन ही बटणांची पट्टी आली, तेव्हा वर्षानुवर्षे तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही बटणे नव्याने शोधावी लागली होती. ज्यांना शैली, सूत्रे, क्रमवारी आणि टपाल-जोडणी (मेल मर्ज, म्हणजे एकच पत्र अनेक नावांनी काढणे) या कल्पना समजलेल्या होत्या, त्यांना तो बदल पचवणे सोपे गेले. या सर्व कल्पना लिब्रेऑफिसमध्ये तितक्याच नीट शिकता येतात. त्यापुढचा विचार केला, तर नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सर्व संगणक लिनक्सवर चालत आले आहेत आणि अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. तेव्हा मुलगी अडगळीतले काही शिकत आहे, अशी शंका मनात ठेवू नये.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. एखादी परीक्षा किंवा पुढील अभ्यासक्रम विशिष्ट व्यावसायिक सॉफ्टवेअरवरच होणार असेल, तर त्याचा सराव वेळेवर मिळाला पाहिजे, आणि त्याची व्यवस्था करण्यास शाळेने तत्त्वाच्या नावाखाली नकार देऊ नये.

प्रश्न : इंटरनेटवरून विनामूल्य घेतलेले प्रत्येक शैक्षणिक ॲप ओपन सोर्स समजावे का? — गणिताचे एक शिक्षक

उत्तर : नाही. विनामूल्य ॲपचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, बंद असू शकतो, आणि काही ॲप मुलांची माहिती गोळा करून आपला खर्च भरून काढतात. काही ठिकाणी मिश्र व्यवस्थाही असते. उदाहरणार्थ, आपल्या विषयातील जिओजेब्राचा स्रोत खुला आहे, पण एकूण वापरावर बिगर-व्यावसायिक असण्याची अट आहे. शाळेला ती आड येत नाही, खासगी शिकवणी वर्गाला येऊ शकते. परवान्याचे पान एकदा वाचून त्याची नोंद संगणक कक्षाच्या वहीत ठेवणे हा चांगला रिवाज आहे.

प्रश्न : व्यवस्थापन तयार आहे, पण सहकारी नाखूश आहेत. सुरुवात कोठून करावी? — एक संगणक शिक्षिका

उत्तर : प्रणाली बदलण्यापासून सुरुवात करू नका. लिब्रेऑफिस, चित्रांसाठी जिंप व इंकस्केप, ध्वनीसाठी ऑडॅसिटी, लहान मुलांसाठी टक्स पेंट व जीकॉम्प्री हे सारे विंडोजवरही चालते. सहकाऱ्यांना काही महिने आहे त्याच प्रणालीत ही साधने वापरू द्या. भूगोलाच्या शिक्षकांना स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या प्रोग्राममध्ये त्या रात्रीचे आकाश दाखवा. पटवून देण्याचे निम्मे काम तिथेच होते, कारण शिक्षकाला नव्या प्रणालीचे कुतूहल नसले, तरी आपल्या विषयाचे असतेच. त्यानंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. त्यासाठी संगणकातील काहीही पुसावे लागत नाही, आणि प्रिंटर, प्रोजेक्टर व स्मार्ट बोर्ड चालतात की नाही हे आधीच कळते. स्मार्ट बोर्डाच्या बाबतीत विशेष खात्री करून घ्या, कारण त्याचे सॉफ्टवेअर बहुधा उत्पादकाच्या हाती असते.

नाखुषीचे खरे कारण अनेकदा जुन्या फाइलींमध्ये दडलेले असते. युनिकोड या सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या प्रश्नपत्रिका तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्या की अक्षरे वेडीवाकडी दिसतात, आणि त्याचा दोष नव्या सॉफ्टवेअरला दिला जातो. लागणाऱ्या फाइली आधीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक यांपैकी ज्याला जो कळफलक सवयीचा असेल, तो त्याला लावून द्या. कार्यालयातील ज्या कामांना विंडोजच लागते, त्यांच्यासाठी एक संगणक तसाच ठेवायला हरकत नाही.

सारा भार आपल्या एकट्यावर मात्र घेऊ नका. प्रशासकाचा पासवर्ड, बॅकअपची जागा आणि प्रणाली पुन्हा बसवण्याच्या पायऱ्या मराठीत लिहून ठेवा, आणि आणखी एका सहकाऱ्याकडून त्या लेखी टिपणाच्या आधारे एक संगणक प्रत्यक्ष बसवून घ्या. जिथे त्यांना अडेल, तिथे टिपणात दुरुस्ती करावी लागेल.