मालकाकडे तीन दिवस मागा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या अनगोळचा. वय ५९. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर लागलो, आता हायड्रॉलिक सिलिंडरच्या होनिंगचं, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करण्याचं काम बघतो. ३४ वर्षं झाली. येत्या मार्चला साठ पूर्ण होतात, म्हणजे रिटायर. मालक म्हणतात, जाऊ नका, अजून तीन वर्षं कंत्राटावर राहा, पगार हाच देतो.

मला नाद हार्मोनियम दुरुस्तीचा. वडील भजनाला पेटी वाजवायचे. ती बिघडली म्हणून उघडली आणि तिथून लागण झाली. माळ्यावर सात-आठ जुन्या पेट्या पडून आहेत, त्यातल्या दोन जर्मन सुरांच्या, म्हणजे जर्मन रीडच्या. रिटायर झालो की बघतो, असं म्हणून ठेवलंय. आता ती वेळ आली तर जीव घाबरा होतोय.

आम्हा छंदवाल्यांचा रविवारी सकाळी कट्टा असतो. एकाला जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंचा नाद. त्याने बँकेतून व्हीआरएस घेतली, दोन वर्षं रात्रंदिवस रेडिओ केले, आता हात लावत नाही. दुसरा लाकडात कोरीव काम करतो. त्याने दुकान घातलं, आता म्हणतो, गिऱ्हाइकांचे देव्हारे करून कंटाळलो, स्वतःसाठी काही कोरलेलंच नाही. तिसरा ६६ वर्षांचा. अजून अर्धा दिवस हिशेब लिहायला जातो आणि सांगतो, काम आहे म्हणूनच संध्याकाळी बागेत हात घालावासा वाटतो. मेहुणे चंदगडकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, ५८ ला सुटले, ते म्हणतात आराम कर. बायको म्हणते, "रिटायर झाल्यावर पण घरभर खोकी उघडून बसणार काय तुम्ही? त्यापेक्षा जावा की कामाला." मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, बाबा, ऑनलाईन टाकू, धंदा जोरात चालेल.

परवा एक पेटी लावून झाली, तर शेजारची क्लासला जाणारी मुलगी म्हणाली, काका, वरच्या सप्तकातले दोन सूर हलतायत. मला तर बरोबर लागत होते. असो.

काय करू सांगा. आणि भजनी मंडळांकडून पैसे घ्यावेत का, तेही सांगा.

— अनगोळचा एक पेटीवाला

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही 'असो' म्हणून सोडून दिलंय. मालक, मेहुणे, मुलगा यांचं आपण बघूच, पण आधी त्या मुलीचं ऐका.

३४ वर्षं तुम्ही मशिनच्या आवाजात काढलीत. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा घातलेली असते, आणि ८५ च्या पुढे रोजचा आवाज कानाला बाधायला लागतो, असं कानाचे डॉक्टर सांगतात. अशा आवाजाने कान सगळीकडून सारखा जात नाही. सुरुवात बहुतेक ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच स्वरांकडून होते. वयाने जाणारी श्रवणशक्तीही वरूनच जायला लागते. माणसाला बोलणं नीट ऐकू येत असतं, म्हणून त्याच्या ध्यानातच येत नाही. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की माणसात त्या परत येत नाहीत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्या वाचकांसाठी लिहिते. पेटीत एका पट्टीखाली दोन रीड (हवेने कंप पावून सूर देणाऱ्या पितळी जिभा) एकत्र वाजत असतील आणि त्यांच्या कंपनांत सेकंदाला दोनाचा फरक असेल, तर आवाजात सेकंदाला दोन हेलकावे येतात. लावणारा तो हेलकावा ऐकतो आणि रीडची पितळी जीभ घासतो. टोकाशी घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. उंच सुरांची जीभ इतकी लहान असते की कानशीचा एक हात जास्त फिरला तरी फरक पडतो. आणि घासून गेलेलं पितळ परत येत नाही. तुमच्या त्या दोन जर्मन सुरांच्या पेट्यांचं मला भय वाटतं ते यासाठी. त्यांचे रीड आता सहजी मिळायचे नाहीत, आणि ज्या कानावर तुमचा भरवसा आहे त्याची परीक्षा अजून झालेली नाही.

तेव्हा आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची चाचणी करून घ्या. चाचणी लहान असते, त्रासाची नसते. त्या मुलीला ऐकू आलं आणि तुम्हाला आलं नाही, याचं दुसरं काही कारणही असेल, पेटी नुकतीच लावली असताना कानही थकलेला असतो. पण अंदाजावर राहू नका. निकाल काही येवो, उद्यापासून मशिनवर इअरप्लग घाला. रिटायर व्हायला थोडेच महिने उरले, आता कशाला, असं कृपा करून म्हणू नका. उंच सप्तक लावताना मोबाइलवर ट्यूनर ठेवा, आणि शेवटचा हात फिरवण्याआधी त्याच मुलीला बोलवा. यात कमीपणा काही नाही. तिलाही विद्या मिळेल.

हे सगळं पहिल्यांदा लिहिलं, कारण तुमचा निर्णय यावरच उभा आहे. तुम्ही नोकरी आणि पेटी यांची वेळापत्रकं मांडताय आणि त्यात गृहीत धरलंय की पेटी माळ्यावर थांबते तसे आपण पण थांबू. मालकाची तीन वर्षं जशीच्या तशी घेतलीत तर ६३ व्या वर्षी तुम्ही त्या पेट्या खाली काढणार, तीन वर्षं जास्त आवाज खाल्लेल्या कानांनी. तसं करू नका. आणि मेहुण्यांचं ऐकून एकदम सगळं सोडूही नका.

मेहुणे ५८ ला सुटले ते महाराष्ट्र सरकारचा नियम तसा म्हणून. सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, कर्नाटकातला सरकारी मास्तर ६० पर्यंत शिकवतो, कारण इथल्या सरकारने २००८ मध्ये वय ५८ वरून वाढवलं. एकाच बोलीतली, एकाच सोयऱ्याधायऱ्यांतली दोन माणसं, मधे रस्त्यावर एक पाटी, आणि एकाला दोन वर्षं आधी म्हातारा ठरवतात. कुठल्याच सरकारने त्यांचे हात तपासलेले नसतात. मेहुण्यांना आराम मानवत असेल तर उत्तम, त्यांनी आयुष्यभर पोरं सांभाळलीत. तुमचं पत्र वाचून मात्र मला आराम मागणारा माणूस दिसत नाही.

तुमच्या कट्ट्यावरच्या तिघांबद्दल मी बराच विचार केला. रेडिओवाल्यांनी छंदावर सगळा दिवस टाकला. रोज संध्याकाळी चोरून मिळणारा तास होता तोवर त्यात ओढ होती. सकाळी उठल्यापासून तेच करायचं म्हटल्यावर ती गेली. त्यांना दोष देत नाही, असं पुष्कळांचं होतं, आणि त्यांनी एखाद्या शाळेतल्या पोरांना रेडिओ उघडून दाखवायला घेतला तर हात परत वळतील असं मला वाटतं. कोरीव कामवाल्यांचं दुःख जास्त खोल आहे. त्यांनी जीव ओतायची जागा गिऱ्हाइकाच्या तारखेला बांधून दिली. तुमच्या मुलाचा बेत तुम्हाला तिथेच नेईल. मुलगा प्रेमाने बोलतोय, पण ऑनलाईन टाकल्यावर हुबळीहून, पुण्याहून कुरिअरने पेट्या यायला लागतील, फोन येतील, 'कधी देता' सुरू होईल. ३४ वर्षं तुम्ही डिस्पॅचच्या तारखा पाळल्यात. त्या आता घरात घेऊ नका.

६६ वर्षांचे हिशेबनीस बरोबर आहेत, तिघांत तेच. काम आणि छंद एकमेकांना टेकू देतात, फक्त कामाने सगळी जागा खाता कामा नये.

बेळगावात पेटी म्हटलं की पं. रामभाऊ विजापुरे यांचं नाव येतंच. १९१७ चा जन्म, २०१० ला गेले, आणि या गावात त्यांनी किती जणांच्या बोटांत सूर घातले याला गणती नाही. कलेला कुठली आली निवृत्ती, असं म्हणत लोक तुम्हाला त्यांचा दाखला देतील. दाखला खरा आहे, पण तो नीट वाचा. रामभाऊंनी पेटी पहिल्यांदा साठीनंतर उघडली, असं नव्हतं. ती त्यांच्या रोजच्या दिवसात होती, म्हणून म्हातारपणीही राहिली. तुम्हीही मार्चची वाट बघू नका. साठलेली रजा असेल तर आतापासून शनिवार काढा आणि एक पेटी, एकच, खाली आणा. जर्मन सुरांची नको, साधी आणा. भाता, चामड्याची पट्टी, कमानी, पट्ट्यांची खडखड, ही कामं कानावर अवलंबून नाहीत. चाचणीचा निकाल येईपर्यंत त्यात हात रमेल.

आता मालक. ते पगार 'हाच' द्यायला तयार आहेत, यावरून तुमची गरज त्यांना किती आहे ते कळतं. म्हणून मागायला लाजू नका. आठवड्याला तीन दिवस मागा, आणि मशिनवर उभं राहण्याऐवजी इन्स्पेक्शनचं आणि नव्या पोरांना शिकवण्याचं काम मागा. बोअरमधल्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीतल्या मायक्रॉनचा फरक हाताला कळायला किती वर्षं लागतात हे मालकांना तुमच्याइतकंच माहीत असणार. तीन वर्षांत तुम्ही दोन पोरं तयार करून दिलीत तर त्यांना त्यात जास्त फायदा आहे. शांत खोली मिळेल, कानही वाचतील.

मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. म्हणून दिवस कमी आणि पगार कमी असा कुठलाही कागद सही करण्याआधी, पूर्ण पगारावर ३४ वर्षांची ग्रॅच्युइटी हातात घ्या. नाहीतर अर्ध्या पगारावर सगळ्या वर्षांचा हिशेब होईल आणि नंतर भांडून काही निघायचं नाही. कंत्राट नवं, त्याचा कागद वेगळा. पीएफची पेन्शन ५८ ला सुरू केली नसेल तर ६० पर्यंत थांबल्याबद्दल वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, तीही घ्या. पण त्या पेन्शनवर फार मदार ठेवू नका. १५,००० रुपयांच्या पगार-मर्यादेवर ती मोजतात, त्यामुळे बहुतेकांची महिना साडेसात हजारांच्या आतच राहते. तीन दिवसांचा पगार तुम्हाला लागणार आहे, आणि तो लागतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

वहिनींचं बोलणं तुम्ही विरोध म्हणून लिहिलंय. मला त्यात थकवा ऐकू येतो. सरसाचा वास, बुरशी धरलेलं चामडं, जेवणाच्या खोलीत उघडलेली पेटी आणि 'हात लावू नको, कमानी हरवतील' हे त्यांनी इतकी वर्षं सोसलंय. तुम्ही साठीला सुटणार, त्यांना कुणी तारीख दिलेली नाही. तेव्हा पेट्यांना घराबाहेर जागा करा. परसात पत्र्याची शेड चालेल, नाहीतर गल्लीत छोटी खोली भाड्याने बघा, फक्त पावसाचं पाणी आत येता कामा नये, कारण आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगलं की पट्ट्या अडकतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तीन दिवस कारखाना, दोन दिवस पेटी, रविवारी कट्टा. उरलेला एक वार वहिनींचा. त्या दिवशी काय करायचं ते त्या ठरवतील, आणि त्यांनी स्वयंपाक करायचा नाही असं ठरवलं तर कुंदा आणायला नका धावू, आधी भात लावायला शिका.

राहिले भजनी मंडळांचे पैसे. घ्या. बेळगुंदी-किणयेपासून जांबोटीपर्यंत मंडळं आहेत, श्रावणात सगळ्यांच्या पेट्या एकदम आजारी पडतात, आणि फुकट करतो हे एकदा कळलं की तुम्हाला श्वास घ्यायला मिळायचा नाही. कापड, चामडं, रीड यांची किंमत पूर्ण घ्या. मजुरी ठरलेली ठेवा. गरीब गावाच्या मंडळाला ती सोडायची असेल तर सोडा, पण बिलात लिहून सोडा, म्हणजे पुढच्या वर्षी नवा अध्यक्ष आला तरी घोळ होणार नाही. एका वेळी एकच पेटी घ्यायची, दुसरी त्यांच्या देवळातच राहू दे. गणपतीच्या आठ दिवस आधी कुणी आणून ठेवली तर तुम्ही नाही म्हणा. जमत नसेल तर वहिनींना म्हणायला सांगा, त्यांना जमेल.