टोमॅटोवर लसणाचा अर्क: सुरुवातीला एवढंच सांभाळा

दादा, आधी रोग ओळखा. हिरवंगार झाड दुपारी अचानक मान टाकत असेल, तर त्याचं खोड बुडापासून कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा. पाच मिनिटांत दुधासारखी पांढरी धार खाली सुटली, की ती जिवाणूजन्य मर. तिथं कुठलाच अर्क चालत नाही. झाड मुळासकट उपटून शेताबाहेर जाळा आणि पुढच्या हंगामात त्या रानात वांगी, मिरची नको. मका किंवा ऊस घ्या.

पानांवर पाणी धरल्यासारखे बारीक काळपट ठिपके असतील, तर मात्र अर्काचा थोडाफार आधार मिळतो, तोही रोग पसरण्याआधी.

अर्धा किलो लसूण ठेचा, पंधरा मिनिटं तसाच ठेवा. ठेचल्यावरच त्यातला जिवाणूंना मारक घटक तयार होतो. मग एक लिटर पाण्यात कालवून फडक्यानं दोनदा गाळा, दहा लिटर करा. आधी चार झाडांवर मारून दोन दिवस बघा, पानं करपली तर आणखी पातळ करा.

नवखे हमखास इथं चुकतात:
- अर्क उकळतात. उष्णतेनं तो घटकच जातो.
- उरलेला अर्क आठवडाभर ठेवतात. ताजाच वापरा.
- भर उन्हात फवारतात. संध्याकाळी फवारा.

आपल्याकडच्या पावसात फवारा धुऊन जातो, आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडून रोग चढतो. म्हणून बांबू-तारेची बांधणी वेळेत करा. ओल्या पानांत तोडणीला अजिबात शिरू नका. हातानंच रोग झाडोझाडी फिरतो.